सॅनसूसींचा दगड

७ एप्रिल १९८६, सोमवार. श्रूजबरी

नोकरी लागली. वूस्टरला, थडग्यांवरचे दगड बनवायच्या दुकानात. ही बातमी बाबांना आईने दिली, कारण जानेवारीत मी कॉलेज सोडल्यापासून मी आणि बाबा एकमेकांशी बोलत नाही. बाबा डॉक्टर आहेत, ते आईलाच म्हणाले, "छान. पेशंट मी बघतो, पुढचं तो बघेल."

मला इतका राग आला की जेवण अर्धं सोडून उठलो. मग भूक लागली.

दुकानाचे मालक आर्मांद सॅनसूसी, सत्तरीच्या पुढचे, फ्रेंच-कॅनेडियन. सगळे त्यांना पेपेर म्हणतात, म्हणजे आजोबा. त्यांनी विचारलं, "शिकलास काय?" मी म्हटलं, सिव्हिल इंजिनिअरिंग, स्टेट कॉलेजला. "पूर्ण?" म्हटलं, नाही, मधेच सोडलं. म्हणाले, "म्हणजे अर्धा पूल बांधता येईल." तेव्हापासून माझं नाव 'कॉलेज'. कॉलेज, झाडू घे. कॉलेज, फोन उचल. दुसरा कोणी असता तर मी तिथल्या तिथे निघून आलो असतो. प्रोफेसरला तोंडावर मूर्ख म्हणून आलेला माणूस आहे मी.

निघालो नाही, कारण हिशेबाच्या टेबलामागे त्यांची नात बसलेली होती. क्लॉडेट. कानामागे पेन्सिल खोचून ती फोनवर कोणाला तरी समजावत होती, की नाही मॅम, देवदूताचे पंख वेगळे मिळत नाहीत.

माझी कथा संपली.

१९ एप्रिल, शनिवार

काम असं आहे. दगडावर रबराची जाड शीट चिकटवायची. तिच्यावर अक्षरं आखायची, धारदार सुरीने कापायची आणि कापलेली अक्षरं उचलून काढायची. मग वाळूचा झोत मारायचा. रबर असेल तिथे दगडाला काही होत नाही, अक्षर उचललं असेल तिथे तो खोदला जातो. मी कौतुकानं उचललेलं 'R' हातात घेऊन बघत बसलो होतो. पेपेर म्हणाले, "कॉलेज, ते कचऱ्यात टाक. दगडाला तुझ्या हातातल्याचा काही उपयोग नाही."

क्लॉडेट मला 'श्री' म्हणते. श्रीरंग पोतनीस पूर्ण म्हणायचा तिने प्रयत्न केला, पोतनीसला अडखळली आणि हसली. विचारलं, याचा अर्थ काय? म्हटलं, खजिना सांभाळणारा, जुना सरकारी हुद्दा. म्हणाली, आमचं म्हणजे 'बेफिकीर'. सॅनसूसी. सैनिकाला ठेवलेलं टोपणनाव. "खजिनदार आणि बेफिकीर. दुकान तूच सांभाळ."

ती सगळ्यांशीच असं बोलते की माझ्याशीच, ते कळायला मार्ग नाही.

दुपारी रे म्हणून एक उंचच उंच माणूस डबा घेऊन येतो. घरोघरी हीटिंग ऑइल, म्हणजे थंडीत घर गरम ठेवायचं तेल, पोचवणारा ट्रक चालवतो. पेपेरशी बेसबॉलवर गप्पा मारतो आणि जातो. म्हाताऱ्या माणसाला सोबत म्हणून येत असावा. बरा आहे, पण फार बोलतो.

४ मे, रविवार

पेपेरना स्वतःचा दगड करून ठेवायचा आहे. पुढे त्यांचं आणि मेमेरचं, म्हणजे आजीचं नाव. मागच्या बाजूला फ्रान्सहून आलेल्या पहिल्या पुरुषापासून खालपर्यंत प्रत्येक पिढीतलं जोडपं. नावं शोधून काढायचं काम मला दिलं. "अर्धं का होईना, कॉलेज केलंयस. आणि गाडी आहे."

आज सुरुवात म्हणून कॅथलिक दफनभूमीत गेलो. पेपेरचे वडील ओनेझीम सॅनसूसी सापडले. शेजारी त्यांची बायको असायला हवी, एग्झिल्डा सॅनसूसी. ती नाही. शेजारी आहे एग्झिल्डा पारां. बाई तीच, कारण जन्माचं साल आणि गाव पेपेरनी सांगितलेलंच, पण आडनाव भलतंच. तीनदा वाचलं.

माझ्या लक्षात आलं ते मी इथेच लिहितो, कोणाला सांगणार नाही. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं.

५ मे, सोमवार

सांगितलं. काय करू, पोटात ठेवता येत नाही. क्लॉडेटला मागच्या गोदामात नेलं, दार लावलं आणि म्हटलं, जे सांगणार आहे त्याने तुला त्रास होईल, पण मी तुझ्या बाजूने आहे. ती पांढरीफटक पडली. मग ऐकलं आणि दगडाला टेकून खालीच बसली. मला वाटलं, रडतेय. हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "श्री, आमच्यात लग्न झालं तरी चर्चमध्ये बाई बापाच्याच नावानं राहते. लग्नात तेच, मुलांच्या बाप्तिस्म्यात तेच, दगडावर तेच. बाहेर मिसेस सॅनसूसी म्हणा, देवापुढे ती एग्झिल्डा पारांच."

मी म्हटलं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

"तू विचारलंस कुठे? दार लावलंस."

घरी आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिचं माहेरचं नाव सुलभा, हे मला माहीत होतं. लग्नात बाबांनी मृणालिनी ठेवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्यात सुलभा फडणीसच राहिले असते?" मी म्हटलं, मरेपर्यंत. "मेल्यावरसुद्धा," आई म्हणाली आणि पुढची पोळी जरा फाटली.

क्लॉडेट सबंध दुपार माझ्याकडे बघून मधूनमधून हसत होती. कुणावर प्रेम नसेल तर इतकं हसतात का?

२४ मे, शनिवार

वूनसॉकेटला गेलो होतो. तिथे चर्चच्या तळघरात फ्रेंच-कॅनेडियन वंशावळीवाल्यांची लायब्ररी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या एकेका गावच्या चर्चमध्ये झालेली लग्नं छापलेली जाडजूड पुस्तकं. प्रत्येक लग्नात नवऱ्याचे आईबाप आणि नवरीचे आईबाप, आयांची माहेरची नावं धरून. एक लग्न सापडलं की त्यावर पाय ठेवून मागच्या पिढीत चढायचं. मी पाच पिढ्या चढलो. कॉलेजात पाच पानं धड वाचली नाहीत कधी.

क्लॉडेट बरोबर होती. गाडीत माझ्या शेजारी, जाताना आणि येताना. परतताना विचारलं, "दोन माणसं फार जवळच्या नात्यातली निघू शकतात का रे? म्हणजे इथे गिरणीच्या गावांतून सगळे त्याच त्याच गावांहून आलेत." मी म्हटलं, शक्य आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझं बरंय. तू आमच्यातल्या कोणाचाच कोणी नाहीस."

हे वाक्य मी तेव्हापासून उलटसुलट करून बघतोय. याचा एकच अर्थ होतो.

मग म्हणाली, वेळ मिळाला तर ब्रिसन हे नावही बघशील? मी म्हटलं, कोण ते? म्हणाली, "असंच, ओळखीतलं घर." ठीक आहे. तिने सांगितलं तर मी अख्ख्या क्वेबेकची लग्नं लावीन.

येताना रस्त्यातच गाडी बंद पडली. क्लॉडेटने पेट्रोल पंपावरून फोन केला तर रे आला. वीस मिनिटं बॉनेटखाली होता. हात काळे. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, चालेल आता. मला पाठीवर थापा मारलेल्या आवडत नाहीत.

८ जून, रविवार

बाबा आज टेबलावर, आईला: "विचार त्याला, लोकांच्या पिढ्या पाठ झाल्यात, स्वतःच्या पणजोबांचं नाव सांग म्हणावं."

मला येत नव्हतं. मी म्हटलं, आई, त्यांना सांग की ते सांगायचं काम बापाचं असतं.

बाबा उठून गेले. आई हळूच म्हणाली, "विष्णू. विष्णूपंत. आणि आपलं मूळ आडनाव पोतनीस नाही. हे नंतरचं, हुद्द्याचं." मूळचं काय, विचारलं. "तेच तर बाबांना सांगायचं होतं," आई म्हणाली.

मग सरळ सांगायचं ना. या घरात कोणी सरळ काही सांगेल तर शपथ.

मंगळवार, २४ जून

आज त्यांचा सेंट जॉनचा सण. पेपेरच्या अंगणात सगळं गणगोत जमलं होतं. डुकराच्या मांसाचा 'पाय' असतो, म्हणजे आत खिमा भरून भाजलेली मैद्याची पारी; मी नुसत्या पारीच्या, क्रस्टच्या कडा खाल्ल्या आणि मेमेरने ते बघून मला वेगळं सफरचंदाचं काढून दिलं. मी खिशात एक चिठ्ठी घेऊन गेलो होतो. फार काही नव्हतं तीत. शनिवारी जेवायला येशील का, एवढंच, पण चार वेळा लिहिलेली.

केक कापताना क्लॉडेटच्या वडिलांनी ग्लास वाजवला आणि सांगितलं, क्लॉडेटचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये. रेशी. रेमंड ब्रिसनशी.

ब्रिसन.

मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. रे येऊन मला मिठी मारून गेला. त्याच्या अंगाला तेलाचा वास येतो. रोज दुपारी डबा घेऊन यायचा तो म्हाताऱ्यासाठी नव्हता. हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक असणार.

चिठ्ठी पार्किंगमध्ये फाडली. मग तुकडे गोळा करून खिशात ठेवले, तिथे कोणी वाचेल म्हणून.

१२ जुलै, शनिवार

काम सोडलेलं नाही. का, माहीत नाही. ती आताही तशीच बोलते. कालच म्हणाली, श्री, ब्रिसन राहिलं ना? मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, घाई नाही. तिला खरंच हौस आहे की मनात भीती आहे? आणि भीती असेल तर कशाची? माझं डोकं वाळूच्या झोताखाली धरल्यासारखं झालंय.

२ ऑगस्ट, शनिवार

सापडलं.

वूनसॉकेटला एकटाच गेलो. सॅनसूसींची वरची पिढी अडली होती. १७३० च्या आसपास ती एकदम आभाळातून पडल्यासारखी येते, मागे बाप नाही. आज उगाच ब्रिसनचं पुस्तक उघडलं. तिथे हे: मातुरँ ब्रिसन, उर्फ सॅनसूसी. सैनिक. लढाईत नाव ठेवलं 'बेफिकीर'. त्याच्या एका मुलाची पोरं ब्रिसन राहिली, दुसऱ्याची नुसतीच सॅनसूसी झाली. लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं, यांच्यात निम्म्या घरांना अशी दोन नावं असतात, एका भावाने एक उचलायचं, दुसऱ्याने दुसरं.

म्हणजे क्लॉडेट आणि रे एकाच मूळ पुरुषाचे. तो तिचा भाऊ लागतो.

मी दोन वेळा सगळ्या पिढ्या उतरून बघितल्या. चूक नाही. गाडीत बसून मोठ्याने हसलो.

घरी आल्याबरोबर आईला विचारलं, एकाच मूळ पुरुषाचे वंशज असले तर लग्न होतं का? आई म्हणाली, "नाही बाबा. सगोत्र ते. कितीही पिढ्या झाल्या तरी भाऊबहीणच." मग म्हणाली, "आता करतात म्हणा काहीजण." मग माझ्याकडे बघत राहिली. "कोणाचं लग्न आहे, श्रीरंग?"

कोणाचं का असेना. नियम म्हणजे नियम. त्यात देवाचे लोक ते, चर्चमधले. आमच्यापेक्षा कडकच असणार. आणि मला यात काही करायचंच नाही, मी फक्त खरं सांगणार. तिनेच शोधायला सांगितलं होतं.

रविवार, ३ ऑगस्ट

चर्चनंतर सगळे पेपेरकडे जेवायला असतात. मी न बोलावता गेलो. रेही होता, मक्याची कणसं सोलत. मेमेरने ताट वाढायला घेतलं, मी म्हटलं, नको, आधी मला बोलायचंय.

उभं राहूनच सांगितलं. मातुरँपासून. एकेक पिढी, नवरा आणि बायको, बायकांची माहेरची नावं. दोन भाऊ कसे फुटले, कोणी कुठलं नाव घेतलं. खाली येत येत ओनेझीम, आर्मांद, क्लॉडेट. मग दुसऱ्या बाजूने खाली येत येत रे. कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मला वाईट वाटतं. पण हे दोघं एकाच पुरुषाचे आहेत."

क्लॉडेटचा हात तोंडावर. रेच्या हातात अर्धं सोललेलं कणीस. मी मनात म्हटलं, झालं.

पेपेरनी चष्मा लावला. कागदावर बोट ठेवून खालपासून वरपर्यंत गेले. "किती पिढ्या, कॉलेज?"

"आठ."

"आठ," ते मेमेरला म्हणाले. मग फ्रेंचमध्ये काहीतरी. मेमेर हसायला लागली, ती थांबेचना. क्लॉडेटच्या वडिलांनी मला सांगितलं, "अरे, या पेपेर-मेमेरचेच आजोबा सख्खे चुलतभाऊ होते. बिशपकडून परवानगी आणावी लागली होती. बिशप म्हणाला, मी तुम्हा लोकांना नाही म्हणायला लागलो तर चर्च रिकामं पडेल."

पेपेर उठून रेकडे गेले, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. म्हातारा रडत होता. "मी याला बाहेरचा समजत होतो," म्हणाला. "हा घरचाच आहे." मग माझ्याकडे आले आणि माझेही घेतले.

रे म्हणाला, "श्री, यार, माझ्या बापाला त्याच्या आजोबाच्या मागचं काही माहीत नव्हतं. तू मला तीनशे वर्षं दिलीस." 'यार' माझ्याकडूनच शिकलाय. त्याला एवढंही कळत नाही का की मी काय करायला आलो होतो? की कळूनसुद्धा असा आहे? मला त्याचा राग येईना, आणि त्याचाच जास्त राग आला.

मी बाहेर पोर्चवर गेलो. मागून क्लॉडेट आली. पायरीवर बसली.

"हे सांगायला आला होतास, की थांबवायला?"

मी म्हटलं, मला वाटलं तुमच्यात चालत नसेल.

"तुमच्यात चालत नाही?"

"नाही."

ती म्हणाली, "तुमच्या ज्या नियमानं रे बाद होतो, त्याच नियमांत मी तुझ्या घरात चालले असते?"

मी तिच्यासाठी सगळे नियम मोडायला तयार होतो आणि रेसाठी एक नियम घेऊन आलो होतो. हे मला तिथे त्या पायरीवर कळलं, आणि आता लिहिताना परत कळेनासं झालंय.

"मला भीती होती," ती म्हणाली, "की फारच जवळचं काही निघेल. म्हणून तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं." थांबून म्हणाली, "तुझं आधी कळलं असतं तर नसतं सांगितलं."

म्हणजे तिला कळलंय. कधी कळलं, ते विचारायचं राहिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन आठवडे कामावर गेलो नाही. आज संध्याकाळी फोन वाजला, बाबांनी उचलला. त्यांचा चेहरा एकदम वेगळाच झाला. दारात आले आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. "तुला कॉलेजकडून फोन आहे."

मी धावलो. पेपेर होते. त्यांनी 'कॉलेज आहे का' असं विचारलेलं. म्हणाले, आजारी आहेस का? नसशील तर ये, माझा दगड तसाच पडलाय, आणि मी काही कायमचा नाही.

बाबा तिथेच उभे होते. मी म्हटलं, दुकानातून होता. बाबा म्हणाले, "अच्छा," आणि टीव्हीकडे गेले. मग तिथूनच, न वळता, "आपलं मूळ आडनाव माहितीये का तुला?"

म्हटलं, नाही.

"टिकेकर," बाबा म्हणाले. "बस इकडे. सांगतो."

त्यांना एवढं बोलायचं होतं तर सात महिने कशाला थांबले?

११ ऑक्टोबर, शनिवार

लग्न झालं. आईने माझा कोट इस्त्री केला, काही विचारलं नाही.

रेच्या चुलत्यांनी, क्लॉडेटच्या आत्यांनी, कोणी कोणी येऊन माझा हात हलवला. मातुरँला शोधणारा तो हाच. वंशावळ मोठी करून दारातच टांगली होती. लोक घोळक्याने आपापली फांदी शोधत होते आणि एकमेकांना कझिन म्हणून हाका मारत होते. मेमेरने मला नाचायला ओढलं. तिला माझ्या पायांची पर्वा नव्हती.

क्लॉडेट एकदा समोर आली. म्हणाली, "जेवलास?" म्हटलं, हो. "क्रस्टच्या कडा?" म्हटलं, हो. तिने माझा टाय सरळ केला आणि पुढे गेली.

एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पेपेरच्या दगडाची मागची बाजू आज पुरी करायला घेतली. वरच्या ओळी कापून झाल्या होत्या. शेवटचं जोडपं राहिलं होतं. पेपेरनी सुरी माझ्या हातात दिली आणि समोर खुर्ची ओढून रेडिओवर रेड सॉक्सच्या रात्रीच्या बेसबॉल मॅचची चर्चा ऐकत बसले. म्हटलं, हिचं नाव काय लिहू, ब्रिसन? म्हणाले, "तुला एवढं शिकवून काय उपयोग झाला, कॉलेज?"

रेमंड ब्रिसन. क्लॉडेट सॅनसूसी.

रेचं नाव भराभर झालं. तिचं कापायला दुपार गेली. एकही कोपरा फाटला नाही. उचललेली अक्षरं कचऱ्यात टाकली, पहिलं 'C' तेवढं खिशात राहिलं. मागचा गोंद अजून ओला आहे, ते या पानाला चिकटलंय आणि आता निघत नाही.

झोत मारायच्या आधी पेपेर म्हणाले, खाली जागा सोड, पोरांसाठी. किती सोडू विचारलं, तर म्हणाले, एका जोडप्यापुरती पुष्कळ झाली, बाकीचं त्यांची पोरं बघतील.

मी खालच्या चौकटीची रेघ आणखी खाली आखली आणि दोन जोडप्यांपुरती सोडली. पेपेरनी चष्म्यावरून बघितलं. मग रेडिओचा आवाज वाढवला.